साने गुरुजी : गोष्ट सांगणारे शिक्षक



आपल्या उज्जैनमध्ये उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी किंवा माळवी, असा तुम्हां बहुतेकांचा नित्यक्रम असतो. माझी गोष्ट थोडी निराळी आहे. माझी मातृभाषा कोकणी. आईला ‘आवय’ म्हणत मी वाढलो. मराठी शाळेत शिकलो. ज्या पुस्तकामुळे ही शाळेतली भाषा मला घरची वाटू लागली, ते ‘श्यामची आई’. त्याच्या कर्त्याचा आज परिचय करून घेऊ.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली. १९१७ मध्ये आई यशोदाबाई निवर्तल्या, तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. तेथे ते मुलांची अंथरुणे आवरीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. आपले वार्षिक वर्षातून एकदा निघते, तरी आपली केवढी धांदल उडते! गुरुजी ते काम रोज करीत.

१९३० मध्ये नोकरी सोडून त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. तुरुंगवास घडला, पण तुरुंगही त्यांनी पाठशाळाच मानला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरून घेतली. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली.

या पुस्तकाची रचना नीट पाहा. सायंप्रार्थनेनंतर श्याम मित्रांना रोज एक आठवण सांगतो. म्हणून येथे प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. प्रसंग किती लहान! स्नान झालेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई ओले लुगडे धोंडीवर पसरते आणि मनही असेच जपावयास सांगते. वाक्ये लहान, शब्द घरगुती. कारण लेखकापुढे कागद नसून ऐकणारे मूल आहे. शिक्षकाची वाणीच येथे लेखणी झाली आहे. ‘गोड गोष्टी’ या मालेतही हेच दिसते. जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’ या इंग्रजी कादंबरीतील विणकर त्यात ‘मनुबाबा’ होऊन येतो आणि आपल्याच गल्लीतला वाटू लागतो.

गुरुजींच्या लेखनात अश्रू फार, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु त्या अश्रूंमागे कृतीही होती, हे विसरू नये. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी दहा दिवस उपोषण केले. जे मन आईच्या आठवणीने भरून येई, तेच अन्यायापुढे असे कठोर होई.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, ही ‘आंतरभारती’ची कल्पनाही त्यांनी याच अखेरच्या वर्षांत मांडली. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई या आपल्याच उज्जैनच्या कन्या! कोकणातील आईला माळव्याच्या लेकीने रूप द्यावे, ही आंतरभारतीच नव्हे काय?

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना मराठी लिहिण्याचा संकोच वाटतो, हे मला वह्या तपासताना दिसते. मलाही तो वाटत असे. यावर एक उपाय सांगतो. आज रात्री आईजवळ किंवा आजीजवळ बसा, तिच्या लहानपणची एक आठवण विचारा आणि ती सांगेल त्याच शब्दांत लिहून काढा. मध्ये एखादा माळवी शब्द आला तर तो खोडू नका. पुढील वर्षीच्या अंकासाठी मी त्या लेखनाची वाट पाहीन.