सिमेंट पत्र्याच्या भिंतीला रंग देताना

ताईंनो, गटातून कर्ज काढून घराला रंग दिला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे निघाले, तर रंग गेला तरी हप्ता चालूच राहतो. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, खालच्या तयारीचा असतो. सिमेंट पत्र्याच्या किंवा सिमेंट बोर्डाच्या भिंतीसाठी ही तयारी समजून घेऊ या.

आधी पत्रा ओळखा. जुन्या सिमेंट पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची बारीक धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते आणि पुढे अनेक वर्षांनी कॅन्सरसारखे आजार होऊ शकतात. म्हणून जुना पत्रा पॉलिश पेपरने घासू नका, कापू नका, भोके पाडू नका. पत्रा तुटका असेल तर रंगाच्या भानगडीत पडू नका. नवीन बोर्डाची धूळही वाईटच, कापताना तोंडाला मास्क हवा.

धुणे. भिंत ओली करून मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने शेवाळ व माती काढा. जोराचा फवारा मारू नका. पूर्ण वाळल्यावर ओल्या काळ्या फडक्याने पुसून पाहा. पांढरी पूड लागली तर पुन्हा धुवा.

प्रायमर. सिमेंटमध्ये चुन्यासारखा खार असतो. ऑइलपेंट थेट लावला तर त्यातल्या तेलाचा या खाराशी संयोग होऊन साबणासारखा थर बनतो आणि रंग सुटतो. म्हणून बाहेरच्या भिंतीचा, खार सोसणारा सिमेंट प्रायमर घ्या. बोर्डाच्या कापलेल्या कडांना तो आधी लावा, कारण पाणी तिथूनच शिरते.

रंग. प्रायमर वाळला की बाहेरच्या इमल्शनचे दोन हात द्या. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले. तापलेल्या भिंतीवर रंग नको, सावली असेल त्या बाजूने काम करा.

हिशोब. खोली १० बाय १२ फूट, उंची ८ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४४ × ८ = ३५२ चौरस फूट. दार-खिडकी वजा करून साधारण ३२० धरा. डब्यावर दोन हातांना लिटरमागे ४० चौरस फूट लिहिले असेल, तर ८ लिटर रंग लागेल.

पुढच्या बैठकीला आपापल्या भिंतीचे माप लिहून आणा. सगळ्यांचा हिशोब एकत्र झाला की मोठ्या बादलीचा भाव विचारता येईल. आणि प्रायमरचे पैसे वाचवायचे नाहीत, हे आजच ठरवा.