पायथॉन नवं झालं आणि दुधाचा पगार अडला

संगणकाला भाषा असते हे तुम्हांला माहीत आहे का? आपण मराठी बोलतो तसं संगणक बोलत नाही. पण त्याला काम सांगायचं तर एक भाषा लागते. अशा पुष्कळ भाषा आहेत. त्यांतल्या एकीचं नाव पायथॉन. मला वाटलं अजगरावरून ठेवलं असेल. पण ताई म्हणाली, तसं नाही. गिडो व्हान रॉसम या हॉलंडच्या माणसानं ही भाषा तयार केली. ती १९९१ साली लोकांना मिळाली. त्यांना माँटी पायथॉन नावाचा हसवणारा कार्यक्रम आवडायचा, म्हणून हे नाव. तरी पायथॉनच्या चिन्हात दोन साप आहेतच!

ही भाषा सारखी नवी होत असते. प्रत्येक नव्या पायथॉनला नंबर असतो. २००८ साली पायथॉन ३ आलं तेव्हा जुनं २ पण चालू होतं. त्या दोघांचा भागाकार वेगळा होता. ५ लाडू २ मुलांना वाटा म्हटलं, तर जुनं म्हणायचं २. राहिलेला लाडू कुठं गेला ते सांगायचंच नाही. नवं म्हणतं २.५, म्हणजे अडीच. पायथॉन २ ची दुरुस्ती २०२० साली बंद झाली.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. आमच्या घरी १४ घरांचं दूध येतं. आई ते मोजते, फॅट बघते आणि वहीत लिहिते. मग गाडी येऊन दूध नेते. दर दहा दिवसांनी लोकांचा दुधाचा पगार होतो. ताई तालुक्याला कॉलेजात शिकते. तिनं पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिला आहे. रोजचे आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरायचे, की तो सगळ्यांचा पगार काढतो.

आमचा संगणक जुना घेतलेला आहे. आधी त्यात विंडोज ७ होतं, म्हणून ताईनं पायथॉन ३.८ घातलं होतं. त्याच्या पुढचं पायथॉन विंडोज ७ वर चालतच नाही. नंतर विंडोज १० आलं तरी ३.८ तसंच राहिलं. त्याचीही दुरुस्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून मे २०२५ च्या सुट्टीत ताई म्हणाली, आता ३.१३ घालू.

मी म्हटलं, "ताई, तू उलटं करतेस! ३ रुपये ८० पैसे जास्त का ३ रुपये १३ पैसे?" ताई हसली. म्हणाली, "हे पैसे नाहीत गं. ३.९ नंतर ३.१० येतं, मग ३.११. टिंबाच्या पुढचा आकडा वेगळा मोजायचा. आठापेक्षा तेरा मोठे." हे मला आधी पटलंच नाही. पुस्तकाला पहिला भाग, तिसरा धडा, तेरावं पान असतं ना, तसं समजा.

नवं पायथॉन बसलं. ताई पाणी आणायला गेली. मी पडद्यावर यादी बघत होते. त्यात दोन पायथॉन होते. मला वाटलं, जुनं उगाच जागा अडवतंय, ताईला मदत करू. मी ३.८ काढून टाकलं.

संध्याकाळी आई म्हणाली, उद्या पगार आहे, हिशोब काढ. ताईनं प्रोग्राम चालवला. काळ्या खिडकीत अक्षरं आली की ओपनपायएक्सएल सापडत नाही. मग मी काय केलं ते सांगितलं. ताई मला ओरडली नाही. पण गप्प बसली, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

झालं होतं काय, ते नीट सांगते. पायथॉनबरोबर सगळंच सामान येत नाही. एक्सेलचा तक्ता वाचायला ओपनपायएक्सएल नावाचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. मोठ्या हिशोबाला नंपाय लागतं. आणि ही पॅकेजं एकेका पायथॉनच्या घरात राहतात. ३.८ चं घर वेगळं, ३.१३ चं वेगळं. नवं घर बांधलं म्हणून जुन्या घरातली भांडी आपोआप चालत येत नाहीत. दोन्ही पायथॉन एकाच संगणकात सुखानं राहू शकतात. जुनं असतं तर आजचा पगार जुन्यावर निघाला असता. मीच ते मोडलं.

आधी पिप फ्रीझ असं लिहिलं असतं तर सगळ्या पॅकेजांची यादी मिळाली असती. (पिप म्हणजे पॅकेज आणून देणारा गडी.) पण यादी केली नव्हती. आईनं वही घेतली आणि हातानं गुणाकार करायला बसली. मला रडू आलं.

मग ताईनं ३.८ चा फोल्डर उघडून बघितला. पायथॉन काढलं तरी पिपनं आणलेलं सामान तिथंच पडलं होतं! नावं वाचता येत होती. ओपनपायएक्सएल, नंपाय आणि ईटी एक्सएमएलफाइल. हे तिसरं कोणी आणलं? ताई म्हणाली, ओपनपायएक्सएलला ते लागतं, म्हणून पिप दोघांना बरोबर आणतो.

मी म्हटलं, मग हे उचलून नव्या घरात ठेव की. ताई म्हणाली, ओपनपायएक्सएल कदाचित चालेल, पण नंपाय चालणार नाही. त्याच्या आत सी भाषेतून केलेले भाग आहेत आणि ते एकेका पायथॉनच्या मापाचे असतात. दादाचा शर्ट बाळाला होईल का? म्हणून जुना नंबर न लिहिता नुसती नावं सांगून पिपकडून नवी मागवायची.

आमच्याकडे रेंज फक्त माळवदावर येते. मोबाईल वर ठेवला, संगणक खाली. नंपाय मोठं आहे. ते येईपर्यंत आईची पाच घरं हातानं झाली होती.

प्रोग्राम चालला. पण ताईनं लगेच पगार काढला नाही. आधी मागचा झालेला पगार नव्या पायथॉनवर काढून वहीशी ताडून बघितला. शेजारच्या काकूंचं एका दिवसाचं दूध ५ लिटर, भाव ३४ रुपये ५० पैसे. मी गुणलं, १७२ रुपये ५० पैसे. पडद्यावरही तेच. १४ घरं जुळली. मग आईची हातानं केलेली पाच घरं बघितली. चार जुळली. पाचव्यात आईचा हातचा राहिला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ पण आलं. ताई म्हणते, आधी आपली तिन्ही पॅकेजं त्यावर चालतात का बघू. पॅकेजांची यादी आता दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. ती मी लिहिली आहे. त्यात एक अक्षर चुकलं होतं, ते ताईनं लाल पेनानं दुरुस्त केलं.