डोळे न दिपविणारा उजेड : प्रकाश विखुरणाऱ्या प्लॅस्टिकची घडण

वर्गात नवा दिवा लागतो. उजेड भरपूर पडतो, पण फळ्यावर चकाकी येते आणि मान वर करताच मुलांचे डोळे दिपतात. यावर उपाय म्हणून दिव्याला दाट पांढरे झाकण बसविले, तर डोळ्यांना आराम मिळतो. मात्र वहीवरचा उजेड घटतो. विजेचा खर्च तेवढाच राहतो आणि त्या विजेतून मिळालेला बराच प्रकाश झाकणातच अडकून पडतो.

५ जानेवारी २०१५ रोजी देशात घरगुती व रस्त्यांवरील एलईडी दिव्यांचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. एलईडी दिव्यात प्रकाश अगदी लहान ठिपक्यांतून बाहेर पडतो. म्हणून तो डोळ्यांना टोचतो. हा प्रकाश न गमावता पसरविणे, हे दिव्यावरील झाकणाचे खरे काम होय.

मीठ आणि तेलकट कागद

मिठाचा खडा स्वच्छ असेल, तर त्यातून आरपार दिसते. तोच कुटला की चूर्ण पांढरे दिसते. पदार्थ बदललेला नसतो. कण आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश वळतो, परततो व विखुरतो. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. उलट, कागदावर तेल सांडले की डाग पारभासी होतो. कारण तंतूंमधील हवेची जागा तेल घेते आणि तेल व तंतू यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असतात. अपवर्तनांकातील फरक मोठा असेल तर विकिरण जास्त, फरक लहान असेल तर कमी, हा या विषयातील पहिला नियम होय.

कण कोणता आणि केवढा?

स्वच्छ ॲक्रिलिकचा पत्रा सुमारे ९२ टक्के प्रकाश पलीकडे जाऊ देतो. उरलेला मुख्यतः दोन्ही पृष्ठभागांवरून परततो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ आहे. त्यात रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड मिसळले, तर दिवा झाकला जातो खरा. परंतु या भुकटीचा अपवर्तनांक सुमारे २.७ असल्याने पुष्कळ प्रकाश मागेच फेकला जातो. म्हणून भिंतीच्या रंगासाठी उत्तम असलेला हा पदार्थ झाकणात जपून वापरावा लागतो.

याऐवजी पॉलिकार्बोनेटमध्ये (१.५९) ॲक्रिलिकचे किंवा सिलिकोनचे सूक्ष्म गोल कण मिसळतात. येथे अपवर्तनांकातील फरक थोडाच असतो. प्रकाश प्रत्येक कणाजवळ किंचित वळतो, पण पुढेच जातो. अशी अनेक वळणे घेतल्यावर तो सर्व दिशांना पसरतो. प्लॅस्टिक वितळवून पत्रा ओढताना हे कण स्वतः वितळू नयेत, याचीही काळजी घ्यावी लागते.

कणाचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ साली गोल कणांमुळे होणाऱ्या विकिरणाचे गणित मांडले. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन.) कण याहून फार लहान असेल, तर निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि पलीकडे येणारा प्रकाश पिवळसर दिसतो. कण काही मायक्रॉनचा असेल, तर प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतो व रंगही फारसा बदलत नाही.

शिक्षकांना हे वर्गातच दाखविता येईल. पाण्याच्या पेल्यात दुधाचे काही थेंब टाकून एका बाजूने विजेरीचा झोत सोडावा. बाजूने पाहिल्यास पाण्यात निळसर छटा दिसते. झोताच्या समोर धरलेल्या कागदावर पिवळसर उजेड पडतो.

खरेदीपूर्वीची परीक्षा

उत्पादक दोन आकडे देऊ शकतात : एकूण किती टक्के प्रकाश पार होतो आणि पार झालेल्यांपैकी किती टक्के प्रकाश मूळ दिशेपासून २.५ अंशांहून अधिक वळतो. दोन्ही आकडे मोठे असावेत. केवळ पांढरेपणा पाहून निवड करू नये.

तथापि आकड्यांवरच थांबू नये. झाकण बसवून दिवा लावावा. आतील ठिपके वेगळे मोजता आले, तर प्रकाश पुरेसा पसरलेला नाही, किंवा झाकण दिव्याच्या फार जवळ आहे. मग बाकावरील उजेड झाकणासह व झाकणाविना प्रकाशमापकाने मोजावा. रस्त्यावरील दिव्यासाठी अतिनील किरणांपासून संरक्षण असलेलेच पॉलिकार्बोनेट मागावे. अन्यथा ते उन्हाने पिवळे पडते. खडबडीत पृष्ठभागानेही प्रकाश पसरतो, परंतु त्यात धूळ साचते. तेथे झाकण वेळोवेळी पुसण्याची व्यवस्था हवी.

मुलाच्या डोळ्यांना त्रास न होता शेवटच्या बाकावरील वहीतील अक्षर स्पष्ट दिसले, तरच झाकणाची निवड योग्य ठरली असे म्हणता येईल.