भरतीचे गणित

कोल्हापुरास राहणाऱ्या नाना व माई यांच्या घरी फडताळात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात शंखशिंपले आहेत, एस.टी.ची जुनी तिकिटे आहेत आणि एका कागदाच्या पुडीत चिमूटभर वाळू आहे. पैशांत मोजावयाचे म्हटले तर त्या डब्याची किंमत चार आणेही होणार नाही. पण गेली पन्नास वर्षे दर दिवाळीस माई तो पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवीत आल्या आहेत.

माईंचे माहेर मंगळवेढ्याचे. काळी जमीन, ज्वारीची शिवारे आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी यांपलीकडचे पाणी त्यांनी लग्नापर्यंत पाहिले नव्हते. 1972 च्या डिसेंबरात नानांनी त्यांस आंबा घाटाने रत्नागिरीस व तेथून गणपतीपुळ्यास नेले. घाट उतरताच मातीचा रंग तांबडा झाला, घरे जांभ्या दगडाची दिसू लागली, आणि तिन्हीसांजेस सुरूच्या बनापलीकडे समुद्र दिसला. माई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या धावतच परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, काल पायरीशी होते ते पाणी कुठे गेले?"

नानांस उत्तर देता येईना. बँकेतील जमाखर्चाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसास भरती-ओहोटीचे ज्ञान कोठून असणार? जवळच जाळे विणीत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने ते दिले. तो म्हणाला, "आजची तिथी कोणती ती बघा आणि तिची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती पुरी होते. त्याच्या सहा तास आधी ओहोटी."

चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि समुद्राची भरतीही त्याच्या मागोमाग तितकीच उशिरा होते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे; म्हणून हा हिशेब बहुतांशी जुळतो. शाळेत पाठ केलेली पाऊणकी आयुष्यात कोठेच उपयोगी पडली नाही असे नाना नेहमी म्हणत. ती अशी पुळणीवर उपयोगी पडली. पुढे दरवर्षी निघण्यापूर्वी ते पंचांग उघडून भरतीच्या वेळा वहीत मांडीत असत.

त्याच पहिल्या सहलीत एक भांडणही झाले. रत्नागिरीस एक दिवस काढून नानांनी थिबा राजाचा वाडा दाखविला. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजास इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. टेकडीवरील हा वाडा 1910 साली बांधून झाला. तेथे सहा वर्षे राहून 1916 साली राजा वारला. मायदेश त्यास पुन्हा दिसला नाही. नाना हे सारे भर उन्हात उभे राहून सांगत होते. बाजार राहिला म्हणून माई रागावल्या खऱ्या, पण परतताना त्यांनीच विचारले, "आणि राणीचे काय झाले?" राणी सुपयालत राजाच्या मृत्यूनंतर 1919 साली रंगूनला परतली, असे नानांनी सांगितले. "एकटीच?" एवढेच माई बोलल्या. त्या दिवशीचा बाजार राहिलाच.

अशा सहली पुढे अनेक झाल्या. दोन दिवस समुद्राचे आणि एक दिवस काहीतरी पाहण्याचा, हा नानांचा नेम. एका वर्षी पतितपावन मंदिर, एका वर्षी लोकमान्य टिळकांचे जन्मघर. 1994 साली मालगुंडला कवी केशवसुतांचे स्मारक उभे राहिले, तेही त्यांनी पाहिले. प्रत्येक वेळी परतताना पिशवीत आमसुले व फणसपोळी असे.

मागील तीन वर्षे मात्र हा क्रम तुटला. काचबिंदूने नानांची दृष्टी गेली. यंदा नातीने गाडीने नेण्याचे सुचविले, तेव्हा ते म्हणाले, "मला आता तिथे काय दिसणार? तुम्ही दोघी जाऊन या." माईंनी फडताळातील डबा काढला आणि त्यातली पुडी सोडून वाळू नानांच्या तळहातावर ओतली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नानांनी विचारले, "पुढच्या शनिवारी तिथी कोणती?"

ती पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे ओहोटी पावणेदहाला. गणपतीपुळ्यास चतुर्थीची गर्दी ओसरलेली होती. नाना माईंचा हात धरून ओल्या वाळूवर उतरले. पायाखाली लाटांनी पाडलेल्या वळ्या लागताच ते थांबले. "रांगोळी आहे का गं?" त्यांनी विचारले. ओहोटीच्या वेळी चिमुकले खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतील अन्नकण टिपून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या बिळाभोवती टाकीत जातात. त्यांची नक्षी होते. पुढच्या भरतीस ती पुसली जाते.

"आहे," माई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. मधले बीळ केवढे, त्यातून निघालेल्या रेषा किती, कोणती रेषा अर्ध्यातच मोडली. नाना मध्येच शंका काढीत आणि माई खाली वाकून पुन्हा मोजीत.

जेवणानंतर मालगुंडला जाऊन आले. आधुनिक मराठी कवितेचा पाया घालणारा हा कवी 1866 साली येथेच जन्मला. स्मारकाच्या आवारात कवितांच्या ओळी शिळांवर कोरल्या आहेत. नानांनी एका शिळेवर बोट ठेवले. काना, वेलांटी, जोडाक्षर असे चाचपीत ते पुढे सरकले आणि पहिली ओळ पुरी होताच बोट उचलून उरलेली कविता त्यांनी तोंडपाठ म्हटली. माईंनी शिळेकडे पाहून दोन चुका दाखविल्या.

चार वाजण्याच्या आत ते पुळणीवर परतले. "पावणेचार व्हायचे आहेत. पाणी अजून चढेल," असे म्हणून नाना ऐटीत बसले. पण पाऊणपटीचा हिशेब हा अदमासाचा हिशेब. वहाणांपाशी आलेली लाट आता तेथवर पोचत नव्हती, हे माईंनी पाहिले.

"अहो, भरती केव्हाच होऊन गेली. तुमचे गणित अर्ध्या तासाने चुकले."

"वाळू भिजलेली कुठवर आहे?" नानांनी विचारले.

माईंनी त्यांचा हात धरून ती ओली रेघ दाखविली.