होडीचा पंखा आणि खाडीतील दोर

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील सारसोळे हे नवी मुंबईतील जुन्या कोळी वस्तीचे गाव होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर गावाभोवती नेरूळची वसाहत उभी राहिली. पुढे गाव आणि जेट्टी यांच्यामधून पाम बीच मार्ग गेला. तिवरांपलीकडच्या पाण्यात मात्र भरती-ओहोटीचेच वेळापत्रक चालते. वल्ह्यांच्या जोडीला इंजिन आले, तेव्हा खाडीतील मच्छीमाराचे श्रम वाचले. पण त्याचबरोबर एक नवी अडचणही आली. वल्ह्याला दोर अडकला तर तो हाताने सोडविता येतो. मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणारा पंखा तोच दोर क्षणार्धात स्वतःभोवती गुंडाळून घेतो.

हा दोर येतो कोठून? खाडीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, पाण्यात भिंतीसारखी सोडलेली जाळी असतात आणि त्यांच्या बोयांचे दोरही असतात. फाटून वाहून गेलेली जाळी, तसेच शहराच्या नाल्यांतून येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या यांची त्यात भर पडते. राज्यात २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी घालण्यात आली. तरीही पूर्वी पाण्यात गेलेले प्लास्टिक अद्याप नाहीसे झालेले नाही. सुताची व तागाची जुनी जाळी पाण्यात कुजून जात. नायलॉन कुजत नाही, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष.

येथे दोराच्या जातीकडेही लक्ष द्यावयास हवे. नायलॉन पाण्याहून जड असल्याने बुडते, तर पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगतात. तरंगणारा दोर स्वस्त व टिकाऊ असला तरी बोयापाशी तो सैल राहिला की पृष्ठभागावर वेटोळे घालून पडतो. नेमक्या त्याच थरातून पंख्याची वाट जाते.

पंख्याच्या मागे काय घडते

जाड दोर अडकला की इंजिन धापा टाकून बंद पडते आणि बिघाड लगेच उमगतो. होडीच्या आत बसविलेल्या इंजिनाचा दांडा अशा झटक्याने वाकू शकतो, दांडा जेथून बाहेर पडतो तेथील बंदोबस्त सैल होऊन होडीत पाणी येऊ लागते. घर्षणाच्या उष्णतेने कृत्रिम धागा वितळून दांड्यावर कठीण कड्यासारखा बसतो. तो मग छिन्नीनेच काढावा लागतो.

खरा कपटी शत्रू म्हणजे बारीक तंगूस. होडीच्या पिछाडीला बाहेरून लावलेल्या इंजिनात तंगूस पंखा आणि गिअरची पेटी यांच्यामधील फटीत शिरतो. इंजिन चालूच राहते, त्यामुळे तांडेलाला कशाचीच चाहूल लागत नाही. दांड्याबरोबर फिरणारा तो धागा तेलाची सील हळूहळू कापतो, पेटीत खारे पाणी जाते आणि तेल दुधाळ होते. किरकोळ किमतीची सील वेळेवर न बदलल्याने गिअरची पूर्ण जोडी गंजून निकामी होते. इंजिनासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाला हा खर्च झेपणारा नसतो.

पैशापेक्षा मोठा धोका प्रवाहाचा. सारसोळे वाशीच्या पुलांच्या दक्षिणेस आहे. भरतीचा ओघ उत्तरेकडे वाहतो, म्हणजे इंजिन बंद पडलेली होडी पुलाच्या खांबांच्या दिशेने ओढली जाऊ शकते. ओहोटीला ती चिखलात बसते किंवा बंदराच्या मोठ्या पाण्याकडे वाहत जाते. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाचा जोर अधिक असतो, त्यामुळे हाताशी वेळ थोडा उरतो. जाळ्यांपुढे भारी यंत्रांचेही काही चालत नाही, हे जगाने पाहिले आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये कामचाटकाच्या किनाऱ्याजवळ रशियाची एएस-२८ ही लहान पाणबुडी सात जणांसह मासेमारीच्या जाळ्यांत अडकली. सुमारे तीन दिवसांनी ब्रिटनच्या दूरनियंत्रित यंत्राने ती जाळी कापली, तेव्हाच तिची सुटका झाली.

कापावे की अडवावे?

बाजारात पंख्यापुढे दांड्यावर बसविण्याची धारदार पाती मिळतात. फिरता फिरता ती दोर कापून टाकतात. खुल्या समुद्रातील नौकांना ती उपयुक्त आहेत. खाडीत मात्र कापला जाणारा दोर बहुधा शेजारच्याच घरच्या जाळ्याचा असतो. एकाचा पंखा वाचविताना दुसऱ्याचे जाळे जाणे हा न्याय्य उपाय म्हणता येणार नाही. शिवाय कापलेला तुकडा पुन्हा पाण्यातच राहतो. पंख्याभोवती गजांचा पिंजरा बसविण्याचा मार्गही आहे. त्याने दोर अडतो. परंतु होडीचा वेग घटतो, इंधन अधिक लागते आणि पिशव्या गजांतच अडकून बसतात.

म्हणून खाडीतील खरा बंदोबस्त दोर सोडणाऱ्याच्या हाती आहे. बोयाच्या दोराला वरच्या टोकापासून वाव-दोन वाव खाली लहानसे वजन बांधले असता दोर सरळ खाली लोंबतो आणि पंख्याच्या वाटेत येत नाही. बोयाला उठून दिसणारा रंग व मालकाची खूण असावी. जाळ्यांवर खूण असण्याच्या बाबतीत जागतिक अन्न व कृषी संघटनेनेही २०१८ साली ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. पहाटेच्या अंधारात नाळेवर एक माणूस नजर ठेवण्यास बसविणे हा उपाय तर बिनखर्ची आहे.

दोर अडकलाच तर प्रथम इंजिन बंद करावे आणि लगेच नांगर टाकावा, म्हणजे होडी वाहत जाणार नाही. उलटा गिअर टाकून जोर लावल्यास गाठ अधिकच आवळण्याचा संभव असतो. इंजिन पुन्हा सुरू होणार नाही याची खात्री करून ते वर उचलावे आणि ज्या दिशेने वेढे बसले त्याच्या उलट दिशेने पंखा हाताने फिरवून दोर सोडवावा. पाण्यात उतरण्याची घाई करू नये. निघालेला दोर होडीतच ठेवावा.

राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते. नौका काठावर असताना पंखा पूर्ण काढून दांडा तपासण्यास ही सवड सोयीची. पण तंगूस तेवढी वाट पाहत नाही. मोसमात दर काही फेऱ्यांनी पंखा काढावा, फट पुसून पाहावी आणि गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्यावेत. ते स्वच्छ असतील तर पंखा बसवून निघावे; दुधाळ दिसले तर त्या भरतीला होडी काठावरच ठेवून सील बदलावी.