गोल्डन हवाय, पण वर्ध्याच्या उन्हाचं काय?

हिंगणघाटहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी यंदा दहावीला. परीक्षा झाली की गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आणू, असा शब्द तिच्या बाबांनी देऊन ठेवलाय. एका विकणाऱ्याने मोबाइलवर फोटोही पाठवलेत. पिल्लू तीस दिवसांचं आहे, पार्सल करून एप्रिलमध्ये घरपोच मिळेल, आणि ‘लहानपणीच न्या, मोठं झालं की लळा लागत नाही’, असं त्याचं सांगणं. ताई विचारतात, घ्यावं का? घेतलं तर काय जपावं?

ताई, हे पिल्लू घेऊ नका. गोल्डनला माझी ना नाही. इतक्या मायाळू स्वभावाची कुत्री मी थोडीच पाहिली आहेत. पण माझ्या दवाखान्याच्या टेबलावर येणाऱ्या गोल्डनच्या बऱ्याच दुखण्यांची सुरुवात खरेदीच्या दिवशीच झालेली असते. पिल्लू कुठून घेतलं, किती दिवसांचं घेतलं आणि कोणत्या महिन्यात आणलं, यावर पुढची दहा-बारा वर्षं अवलंबून असतात. म्हणून आज औषधांपेक्षा खरेदीबद्दलच जास्त लिहिते.

तीस दिवसांचं पिल्लू विकणं मुळात नियमात बसत नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ते नोंदणीपत्र मागायला संकोच करू नका. आठ आठवड्यांच्या अटीमागे कारण आहे. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकत असतं. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे त्याला तिथेच कळतं. जे पिल्लू त्याआधी उचललं जातं ते हा धडा तुमच्या मुलांच्या हातावर गिरवतं.

दुसरं कारण पॅरव्हो. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण याच दिवसांत ओसरू लागतं आणि लसीचं संरक्षण अजून तयार झालेलं नसतं. अशा नाजूक वेळी पिल्लू खोक्यात घालून बसने किंवा रेल्वेने येतं. रस्ताभर भूक, भीती, हलणारं खोकं. घरी दोन-चार दिवस खेळतं, मग खाणं सोडतं, उलट्या करतं, आणि रक्त पडणारी, अतिशय घाण वासाची हगवण लागते. सलाइन लावून काही वाचतात, काही माझ्या हातात जातात. शेजारी उभ्या असलेल्या लेकरांचे चेहरे मला रात्री झोपू देत नाहीत. आणि तुमच्या घरी पॅरव्होने एखादं पिल्लू गेलं असेल, तर दुसरं लगेच आणू नका. हा विषाणू फरशीवर, अंगणाच्या मातीत महिनोन् महिने टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही. साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. अंगणाची माती अशी धुता येत नाही, म्हणून नवं पिल्लू आणाल ते लसी पूर्ण झालेलंच आणा.

आता निवड. फोटोवरून पिल्लू निवडू नका, आणि पिल्लाआधी त्याची आई बघा. ती तुम्हाला पाहून शेपूट हलवते की कोपऱ्यात अंग चोरते? उठून चालायला लागा, तिला मागे येऊ द्या. बसल्या जागेवरून उठताना मागचे पाय ओढत असेल, सशासारखे दोन्ही पाय एकदम टाकत असेल, तर तिथून निघा. गोल्डनमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आहे, हिप डिस्प्लेशिया. तो बऱ्याच अंशी रक्तातून उतरतो. शहाणा ब्रीडर नर-मादीच्या खुब्यांचे एक्स-रे काढूनच जोडी लावतो. आपल्या भागात असे एक्स-रे दाखवणारा क्वचितच भेटेल, पण तुम्ही विचारा. विचारणारी गिऱ्हाइकं वाढली की काढणारेही वाढतील.

‘केसीआयचे पेपर आहेत’ हे ऐकून पुष्कळजण निश्चिंत होतात. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो. सांधे, डोळे, हृदय यांबद्दल त्यात काही नसतं. कागद हवाच असेल तर त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक पिल्लाच्या मानेत बसवलेल्या चिपशी जुळतो का, एवढं पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. आणि ‘इंग्लिश क्रीम’ म्हणून फिक्या रंगाच्या पिल्लाचे जास्त पैसे देऊ नका. रंगामुळे कुत्रं निरोगी होत नाही.

पिल्लू हातात घेतल्यावर बेंबीशी फुगवटा आहे का, शेपटीखालची जागा कोरडी आहे का, डोळ्यांत चिकटा आहे का, कानाला वास येतो का, हे बघा. पोट नगाऱ्यासारखं टम्म असेल तर ते बाळसं नसून बहुधा जंत असतात.

मात्र त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे कुत्रं कशासाठी हवंय? शेतावर राखणीला हवं असेल तर गोल्डन नको. तो चोरासमोरही चेंडू आणून ठेवेल. दिवसभर घराला कुलूप आणि कुत्रं साखळीला, असं असेल तरीही नको. एकटेपणाने तो स्वतःचेच पाय चाटून जखमा करून घेतो. घरात कुणाला दमा असेल तर आधी एखाद्या गोल्डनच्या घरी दोन-तीनदा तासभर बसून या. याचे केस वर्षभर गळतात. गावठी पिल्लू आपल्या उन्हात जास्त सुखाने वाढतं आणि जीवही तेवढाच लावतं, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता उन्हाकडे येते, कारण वर्धा जिल्ह्यात गोल्डनचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन आहे. ही जात स्कॉटलंडच्या थंड डोंगराळ भागात घडली. डडली मार्चबँक्स नावाच्या जमीनदाराने, पुढे तो लॉर्ड ट्वीडमथ झाला, 1868 मध्ये नूस नावाचा पिवळसर रिट्रीव्हर आणि बेल नावाची पाणस्पॅनियल यांची जोडी लावली. गार पाण्यात, दलदलीत पडलेले पक्षी अलगद तोंडात धरून आणायचे, हे त्यांचं काम. म्हणून अंगावर दोन थर: वर पाणी झटकणारे लांब केस आणि खाली दाट लोकर. असं स्वेटर घातलेलं जनावर आपण 45 अंशांच्या मे महिन्यात आणतो.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जिभेवरचं पाणी वाफेने उडवून थंड होतो. म्हणजे हवा कोरडी हवी. नवतपात कूलर उत्तम काम करतो, कारण तेव्हा हवा कोरडी असते. पण जूनमध्ये पहिली सर पडून उकाडा सुरू झाला की तोच कूलर बंद खोलीत ओल वाढवतो आणि धापेने अंग थंड होत नाही. त्या दिवसांत खिडकी उघडी ठेवून पंखा लावा. जमत असेल तर दुपारी एक खोली एसीची ठेवा. फिरायला पहाटे पाचला न्या, आणि संध्याकाळी फरशी निवल्यावर. पालथा हात रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवला नाही तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका.

उन्हाळा आला की लोक गोल्डनचा गोटा करून आणतात. कृपा करून करू नका. उन्हात कातडी भाजते आणि नंतर केस ठिपक्या-ठिपक्यांनी येतात. खालची मेलेली लोकर कंगव्याने रोज काढा, म्हणजे कातडीपर्यंत वारा पोहोचतो.

आणि ऊन लागलंच तर? जोरात धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, ही लक्षणं दिसली की गाडी शोधत बसू नका. आधी पाणी, मग दवाखाना. सावलीत आणून पोट, मांड्यांच्या आतला भाग, पंजे आणि मान यांवर पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, म्हणून आधी हातावर घेऊन बघा. बोअरचं किंवा रांजणातलं घ्या. ओलं पोतं अंगावर टाकून तसंच ठेवू नका, ते आतली उष्णता कोंडतं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 106 म्हणजे जिवावरचं. 103 पर्यंत उतरलं की ओतणं थांबवा. आणि तो उठून बसला तरी दवाखान्यात आणाच, कारण मूत्रपिंडाला आणि रक्ताला झालेली इजा दुसऱ्या दिवशी कळते.

उन्हाइतकाच छळ गोचिडीचा. कुत्र्याची गोचीड घराच्या भिंतीच्या भेगांत, कॉटच्या खाली अंडी घालते, म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही. तिच्यातून येणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी रक्त तपासा. गोळ्यांनी बहुतेक बरी होतात, पण पूर्ण अठ्ठावीस दिवस दिल्या तर. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडल्या तर ताप उलटतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. पऱ्हाटीवर फवारायचं औषध, किंवा गोठ्यात जनावरांना लावायचं औषध, अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला लावू नका. लाळ गळत, थरथरत, झटके येत असलेली कुत्री मी पाहिली आहेत. ती आपल्याच माणसांच्या हातून विषबाधा झालेली होती. फवारणीच्या दिवसांत शेतातही मोकळं सोडू नका.

पावसाळ्यात कान. लोंबत्या कानांखाली ओल राहते आणि बुरशी धरते. धाम नदीच्या पाण्यात डुंबवून आणलंत तर घरी आल्यावर कान कोरड्या कापडाने पुसा. पावसाळा सरला की कुसळं. वाळलेल्या गवताचं कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि कातडीखाली सरकत जातं. फिरून आल्यावर पंजे उघडून पाहायची सवय लावा.

लसी: आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि नंतर वेळापत्रकाप्रमाणे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठच्या गावांत राहत असाल तर डिस्टेंपरची लस तुमच्या कुत्र्यासाठी हवीच, जंगलासाठीही हवी. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हाच आजार पसरला होता.

पिल्लू असो की मोठं कुत्रं, लस झालेली असो वा नसो, दात लागला, ओरखडा आला की साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. दूध-पोळी आणि दूध-भातावर गोल्डन वाढत नाही. अंडी, कोंबडी, नाहीतर चांगल्या कंपनीचं मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य द्या. शाकाहारी घर असेल तर दही, पनीर, डाळी यांचं प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. सावजी रश्श्याचा तुकडा नको, कांदा-लसणाने रक्त बिघडतं. शिऱ्यातले बेदाणे नकोत, ते मूत्रपिंडावर जातात. आणि कॅल्शियमची बाटली! पिल्लू जलद मोठं व्हावं म्हणून कौतुकाने पाजली जाते. मोठ्या जातीत जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवतं. तयार खाद्य देत असाल तर ते पुरेसं असतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. गुबगुबीत पिल्लू म्हणजे खुब्यांवरचं ओझं. वर्षभर जिन्यावरून उड्या आणि गुळगुळीत टाइल्सवरची धावपळ टाळा, चटई अंथरा. नसबंदीचीही घाई नको. 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या गोल्डनमध्ये सांध्यांचे आजार जास्त आढळले. आपल्या पशुवैद्यकाशी बोलून वेळ ठरवा. खुब्यांचा एक्स-रे किंवा शस्त्रक्रिया लागली तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे.

तर ताई, मुलीला सांगा, शब्द पाळू, पण नोव्हेंबरमध्ये. दिवाळीनंतर आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू आणलं की थंडीत लसी पूर्ण होतील आणि पहिला उन्हाळा त्याला सहा-सात महिन्यांचं धडधाकट झाल्यावर भेटेल. तोवरच्या महिन्यांत मुलीला घेऊन दोन-तीन ब्रीडर बघून या, मादी बघा, प्रश्न विचारा. पिल्लू आणायला जाल तेव्हा त्याच्या आईच्या अंगाखालचं फडकं मागून घ्या, आणि पहिल्या काही रात्री ते त्याच्या अंथरुणात ठेवा.