पार्सल नीट पोचावे म्हणून

निमगाव सावा आणि आसपासच्या गावांत आता फोनवरून विक्री करता येते. कोणी पापड-कुरडया विकतात, कोणी काळा मसाला, कोणी हाताने शिवलेल्या गोधड्या. फोटो पाठवला, गिऱ्हाइकाला पसंत पडला, पैसे खात्यात आले. इथपर्यंत सोपे आहे. पण माल आपल्या घरातून निघून नागपूरच्या किंवा बंगळूरच्या दारात जसाच्या तसा पोचला पाहिजे. कुरडयांचा चुरा पोचला, तर माल गेला, पाठवणीचा खर्च गेला, आणि ते घर पुन्हा मागणी करणार नाही. बचत गटातल्या दहा बायांची मेहनत एका फाटक्या खोक्यापायी वाया जायची.

बांधणी म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला शिकवायला नको. द्राक्षाची पेटी भरताना बाया घड कसा ठेवतात ते आठवा. घड हलता कामा नये, दबता कामा नये. पार्सलाचेही तसेच आहे. खोके बंद करा आणि कानाशी धरून हलवा. आत खडखड वाजले, तर बांधणी झाली नाही असे समजा. रिकाम्या जागेत जुनी वर्तमानपत्रे चुरगळून गच्च भरा. कोणी भुसा किंवा गवत भरतात. खाण्याच्या मालाला ते आम्हाला पसंत नाही; त्यातून किडे येतात.

द्राक्षाची जुनी पेटी घरात पडलेली असते. ती वापरावी का? त्या पेटीला हवेसाठी भोके असतात. मसाल्याला ती कामाची नाही. ओल आत शिरते. पन्हळी पुठ्ठ्याचे, बिनभोकाचे, कोरडे खोके घ्या. मसाला जाड पिशवीत भरून तोंड पक्के बंद करा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. लोणच्याला तर हे फारच जरूर आहे. तेल गळले, तर आपले खोके जाते आणि शेजारच्याचे पार्सलही खराब होते. गोधडी फुटत नाही, पण भिजते. तिला आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, मग कापडाच्या पिशवीत घालून तोंड शिवा. खोक्याच्या खालच्या आणि वरच्या सांध्यावर रुंद चिकटपट्टी लावा. तिथे काटकसर करू नका.

आता थोडे गणित. कोणी म्हणेल, "गुरुजी, खोके मोठे घेतले तर काय बिघडले?" पैशात बिघडते. अनेक ठिकाणी पार्सलाचे नुसते वजन बघत नाहीत, त्याने अडवलेली जागाही बघतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचे. समजा, दोन किलो पापड ४० लांब, ३० रुंद, ३० उंच अशा खोक्यात घातले. गुणाकार झाला ३६,०००. भागाकार आला ७.२. म्हणजे माल दोन किलोचा आणि पैसे सव्वासात किलोच्या आसपास! तेच पापड ३० लांब, २० रुंद, २० उंच खोक्यात बसले, तर आकडा येतो २.४. म्हणून मालाला बेताचे खोके घ्या, आणि पाठवणीचा खर्च किंमत सांगण्याआधीच धरा.

पाठवायचे कशाने? खाजगी कुरिअर शहरातून शहरात पाठवायला चांगले. काही कुरिअरवाले माल न्यायला घरापर्यंत येतात. पण लहान खेड्यात सगळेच पोचवत नाहीत. पोस्टाची कार्यालये देशात दीड लाखाच्या वर आहेत, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. गिऱ्हाईक खेड्यातले असेल, तर आम्ही पोस्टच सांगू. स्पीड पोस्ट १९८६ साली सुरू झाले. ते लवकर पोचते. घाई नसेल, माल टिकाऊ असेल, तर साध्या पार्सलाचा दरही विचारा. जुनी माणसे अजून "रजिस्टर करा" म्हणतात. पण १ सप्टेंबर २०२५ पासून देशातले रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवले आहे. पार्सल त्याच माणसाच्या हातात पडावे असे वाटत असेल, तर जादा पैसे भरून तशी सोय मागता येते. पार्सल जड असेल, तर गावच्या शाखा डाकघरात आधी विचारा. कदाचित मोठ्या पोस्टात न्यावे लागेल.

पत्त्यात पिनकोड चुकवू नका. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. ते संस्कृतचे कवीही होते. देशात एका नावाची गावे अनेक आहेत. नुसती निमगावे किती आहेत ते पाहा! जुन्नरचा पिन ४१०५०२. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मुलूख. पहिले तीन आकडे टपाल वेगळे करण्याचा विभाग सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. नारायणगावचा पिन ४१०५०४. शेवटचा एक आकडा बदलला की पोस्ट बदलले. पत्ता ठळक अक्षरात लिहा. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि आपलाही पत्ता घाला. पाकिटावर पाणी पडले तरी वाचता यावे म्हणून पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

उधारीचे काय? पूर्वी पुण्या-मुंबईची पुस्तके व्ही.पी.ने गावात येत. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पार्सल सोडवायचे. पैसे पाठवणाऱ्याला पोचत. ही सोय आपल्याकडे १८७७ पासूनची. आज "माल हातात आल्यावर पैसे" म्हणतात ते त्याच जातीचे. पण गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले, तर ते परत येते, आणि खर्च बहुधा विकणाऱ्याच्या अंगावर पडतो. ओळख नसेल तर पैसे आधी घ्या. लाजू नका.

खाण्याचा माल विकायचा तर सरकारी अन्न नोंदणी लागते. तिचा १४ आकडी नंबर, मालाचे नाव, वजन आणि बांधल्याची तारीख पुड्यावर छापलेली असावी.

पोस्टात पैसे भरल्यावर पावती मिळते. स्पीड पोस्टाच्या पावतीवर १३ खुणांचा नंबर असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी आय आणि एन. या नंबराने पार्सल कुठे आहे ते फोनवर बघता येते. पावतीचा फोटो काढून गिऱ्हाइकाला लगेच पाठवा. आणि नंबर वहीत उतरवून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उन्हात चार दिवसांत पुसट होते.